अप्पा सांगायचे ते माझं काम

निघायच्या दिवशी अप्पा झेंडूच्या मळ्यातून तसेच आले, पायांना चिखल. मुंबई विमानतळाची गाडी दारात उभी होती आणि त्यांना तेव्हाच विचारायचं सुचलं, "तू तिकडं करणार काय नेमकं?"

मी सांगितलं. शिशाची अणुकेंद्रकं प्रचंड वेगानं एकमेकांवर आदळवतात. त्या टकरीत इतकी उष्णता होते की ती अक्षरशः वितळतात आणि क्षणाच्याही अगदी बारीक अंशापुरता एक थेंब तयार होतो. तो कसा वाहतो, कसा पसरतो, याचं गणित मला कॉम्प्युटरवर मांडायचंय.

"म्हंजे पाण्याचंच काम," अप्पा म्हणाले. "मग जमंल तुला. मळ्यात पाणी भरतच मोठी झालीस."

त्र्यंबकेश्वरला फुलं घेऊन गेले की हारवाल्यांना ते हेच सांगत. पोरगी जर्मनीत पाण्याचं काम करते.

पीएचडी झाली. मग एक पोस्टडॉक, मग दुसऱ्या शहरात आणखी एक. तुमच्यापैकी जे असे बाहेर पडलेत त्यांना ठाऊक आहे, दर वेळी तोच कुकर नव्या खोलीत मांडायचा आणि नव्या पत्त्याची नोंद, ते आन्मेल्डुंग, पुन्हा करायचं. काम मात्र छान चाललं होतं. थेंबाचा चिकटपणा जवळजवळ शून्यावर ठेवला की डिटेक्टरमधल्या कणांशी माझे आकडे जुळत. पहिल्यांदा जुळले तेव्हा आनंदानं घरी फोन लावला, तर आई म्हणाली, "मळा दिला बिल्डरला. दादा पुण्याला. अप्पांच्यानं होत नाय आता."

आई-अप्पा नाशकातच इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. व्हिडिओ कॉलवर अप्पा म्हणायचे, "बरं हाय," आणि फोन आईकडे द्यायचे. पाण्याचं पुन्हा कधी विचारलं नाही.

अप्पा गेले तेव्हा माझा जर्मनीत राहायचा जुना परवाना संपलेला, नवा हातात आलेला नव्हता. देश सोडला असता तर परत येता आलं नसतं. आईच म्हणाली, "येऊ नको. तू पोचेपर्यंत काय राहणार हाय?" गोदाकाठी दादानं फोन धरला होता. मी बघत होते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले. प्रोग्रॅममध्ये एक टप्पा येतो, थेंब निवतो, त्याचे कण सुटतात आणि त्यानंतर एकमेकांना कधी भेटत नाहीत. तिथं येऊन मी थांबले. त्या दिवशी पुढे काही करता आलं नाही. खरं सांगायचं तर त्यानंतरही फारसं काही झालं नाही.

आता हेही कॉन्ट्रॅक्ट संपतंय. जागा कमी, अर्ज सगळीकडून परत आले. गेल्या रविवारी आईला म्हटलं, मी घरी येते.

ती म्हणाली, "कुठं येतीस बाळा? फ्लॅट भाड्यानं दिला. मी दादाकडं चालले."

इथं कुणी विचारलं तर मी अजून नाशिकचीच असं सांगते. पण नाशिकरोडला उतरून रिक्षात बसले तर रिक्षावाल्याला कुठं चल म्हणून सांगायचं, हे मला माहीत नाही.