हरल्यानंतर बसून राहिलेली माणसं

माँटेव्हिडिओला ऑफिसच्या कामासाठी गेले होते आणि परक्या भाषेत दिवसभर बोलून पार थकले होते. रविवारी माझ्या म्हाताऱ्या घरमालकीणबाई मला फुटबॉलची मॅच पाहायला घेऊन गेल्या. त्यांचा संघ पुन्हा हरला. तरी लोक उठेनात. बसल्या जागी, बसलेल्या घशांनी गातच राहिले.

“राग नाही येत तुम्हाला?” मी मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं.

“येतो ना! पण घरी एकटीला आलेला राग दाखवू कुणाला? इथे सगळ्यांनाच आलेला असतो.”

त्यांनी आपल्या शालीचं टोक माझ्या खांद्यावर टाकलं. थकलेल्या माणसाला घर हवं असतं, असं मी समजत होते. कधीकधी त्याला थकलेल्यांची सोबतही पुरत असावी. मैदानावरचे दिवे बंद झाले, तरी मी ‘निघू या’ म्हटलं नाही.