काशाची टाच

मेलित्ता सुईण तानाग्रा गावातल्या बायकांना हवीही असे आणि नकोशीही. गाढवाच्या लाथेने तिचा डावा पाय मोडला आणि आखूड राहिला. मग गावच्या कासाराने तिच्या चपलेला काशाची जाड टाच ठोकून दिली. ती दगडावर ठणठण वाजायची. गावाला तेवढं पुरलं. माणसाचं रक्त पिणाऱ्या एम्पूसा नावाच्या हडळीचा एक पाय काशाचा आणि दुसरा गाढवाचा असतो, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. इथे कासंही होतं आणि गाढवही. उरलेलं लोकांनी जुळवून घेतलं. त्यातून मेलित्ताचं एकुलतं पोर नाव ठेवायच्या आधीच सुपात निजल्या निजल्या गेलेलं. तिने आपल्या हातांनी गावातली निम्मी मुलं जगात आणली होती, ते मात्र कुणी मोजायचं नाही.

थेआनोची सून मिर्तो अडली, मूल पायाळू, तेव्हा झक मारत मेलित्तालाच बोलवावं लागलं. रक्तपित्या आत येऊ नयेत म्हणून थेआनोने दाराला डांबर फासून ठेवलं होतं. सुईण उंबरा ओलांडत असताना सासूबाईंची नजर तिच्या टाचेवर होती. मेलित्ताने कोमट तेल मागितलं, तर ते आधी हुंगून दिलं.

दुपार कलली आणि मिर्तो पांढरीफटक पडली. आता हिचं रक्त कोणीतरी पितंय, याबद्दल थेआनोला शंका उरली नाही. एम्पूसा ओळखायची रीत सोपी: तोंडाला येतील त्या शिव्या द्यायच्या, खरी असेल तर किंचाळत पळते. शेजारणींना हाताशी धरून थेआनो सुरू झाली. मेलित्ताच्या आईबापांचा उद्धार झाला, मेलेल्या नवऱ्याचा झाला, पायाचा तर दोनदा झाला. मेलित्ताचा एक हात मिर्तोच्या पोटावर होता, दुसऱ्याने ती मूल चाचपत होती. तोंडातून नुसता हुंदका निघाला असता, तरी बायकांनी तिला ओढून बाहेर काढलं असतं. मग मिर्तो वाचली नसती. म्हणून तिने ओठ दातांखाली धरला.

शेवटी थेआनो म्हणाली, “स्वतःचं पोर खाल्लंस, तेवढ्यानं पोट नाही का गं भरलं तुझं?”

मेलित्ताचा हात थांबला. एवढ्या सगळ्या शिव्यांत ही एकच लागली. मग ती मिर्तोकडे वाकून म्हणाली, “कळ आली की जोर कर, बाळा. तिकडं लक्ष नको देऊस.”

मुलगी झाली आणि रडली. थेआनोची जीभ लगेच मऊ झाली. मनावर घेऊ नकोस, रीतच आहे ती, असं म्हणत तिने मेलित्तापुढे मूठभर सुकी अंजिरं धरली. मेलित्ताने हात धुतले, अंजिरं तिथेच ठेवली आणि ती निघाली. अंगणाच्या भिंतीपलीकडे ऑलिव्हच्या झाडाखाली ती बसली, आणि दुपारपासून दाबून धरलेलं सगळं एका किंकाळीत बाहेर पडलं.

अंगणात आलेल्या बायकांना ती स्पष्ट ऐकू आली. थेआनोचा चेहरा खुलला. “बघा. म्हणत होते ना मी? उशिरा का होईना, किंचाळलीच.” तिने खाली वाकून दगड उचलला, शेजारणीही वाकल्या.

आतून मिर्तोचा थकलेला आवाज आला. “सासूबाई, सकाळपासून मी किंचाळत होते. मला का नाही मारलात दगड?”

भिंतीपलीकडचं रडणं थांबेपर्यंत थेआनो हातात दगड घेऊन तशीच उभी राहिली.