लाल दिव्याचा विटाळ

आमच्या घरी नेटचा डबा बसवला तो माझ्या मुलीसाठी. तिला नर्सिंगला जायचं आहे. त्या परीक्षेचा वर्ग रोज दुपारी मोबाइलवर चालतो आणि घरात टॉवरची रेंज येत नाही. वर्ग बंद पडला असता तर ती घरीच बसली असती, मी चौथीनंतर बसले तशी.

त्या दिवशी मी बाहेरची होते. आमच्याकडे अजूनही तेवढे दिवस मागच्या पडवीत बसावं लागतं. मुलीचा वर्ग सुरू व्हायचा होता, म्हणून मी मधल्या खोलीत गेले आणि डब्यावरची धूळ पदरानं पुसली. सासूबाईंनी पाहिलं. डब्यावर लाल दिवा लुकलुकत होता. तो आधीपासून लागला होता का, कोणालाच माहीत नव्हतं.

"हात कायले लावला वं? पाह्य, लाल झाला! झाला ना विटाळ!"

दीर हसला. "वहिनी, तुमच्या हातानं लोणचं नासते, हे तं मशीन हाय!"

मुलीसमोर बोलला. मी खाली मान घालून पडवीत गेले.  

वर्ग बुडत राहिले. दीर म्हणू लागला, "काढूनच टाकू हे झंझट. पोरगी तशीबी मोबाइलात घुसून राह्यली." मुलगी रडली नाही, जेवली नाही.

शेवटी कामरगावहून दुरुस्तीवाला आला. त्यानं डब्यामागची पिवळी वायर काढली आणि तिच्या टोकाला लाल उजेडाची एक छोटी बॅटरी लावली. वायर खुंटीला सुतळीनं करकचून बांधलेली होती. लोंबते म्हणून दिरानंच बांधली होती ती, दिवा लाल झाला त्याच दिवशी सकाळी. बॅटरी लावताच खुंटीजवळ, जिथं वायर मोडल्यासारखी वाकली होती, तिथून लाल उजेड बाहेर झिरपताना दिसला.

"काकू, हे पाहा," तो म्हणाला. "यात करंट नसते. आत केसाएवढी काच हाय, तिच्यातून उजेड जाते. उजेड काचेच्या कडेले आपटते, आत फिरते, पुन्हा आपटते, असा पुढं पळते. वायर मोडून वाकवली का कडेतून भाईर निघून जाते. मंग डब्याले काही भेटत नाही, तो लाल दिवा दाखवते."

मला ते लगेच समजलं. विहिरीत तोंड घालून हाक मारली की आवाज भिंतींना आपटत खाली जातो, तसं. मुलीनं विचारलं, "मंग वर्गातला आवाज, चित्र कसं येते?"

"उजेड लागते, विझते, लागते, विझते. इतक्या लवकर का डोळ्याले दिसत नाही. त्या लागण्या-विझण्यातच समदं लिहेल असते. डबा ते वाचते."

त्यानं सुतळी कापली, वायर मोठ्या वेटोळ्यात सैल टांगली. दिवा हिरवा झाला. दीर तोवर अंगणात निघून गेला होता. मला वाटलं, आता तरी कोणी काही म्हणेल. सासूबाई म्हणाल्या, "वायर वाकली म्हणून बिघडली, हे खरं. पण वाकली कायनं? विटाळानंच ना!" आणि फर्मान काढलं की पोरीचे दिवस आले की तिनंही डब्याच्या खोलीत यायचं नाही.

पडवीपर्यंत ते नेट पोचत नाही. मधे जाड भिंती आहेत. म्हणजे दर महिन्याला तेवढे वर्ग गेले. परीक्षा कोणासाठी थांबते?

उजेडाला कोणाचा विटाळ होत नाही. काचेतून जातो बिचारा, आपटत आपटत जातो. आमचीच डोकी करकचून बांधलेली आहेत. हे मी मनात शंभरदा म्हटलं, तोंडानं एकदाही नाही.

मग मुलीचे दिवस आले. त्या दुपारी तिची सराव परीक्षा होती. ती पडवीत मोबाइल हातात धरून बसली होती आणि पडद्यावर नुसतं चाक फिरत होतं. माझ्या डोक्यात काय झालं कोणास ठाऊक. मी तिचा हात धरला, आत नेलं, डब्यासमोर बसवलं.

"काहून आणलं तिले?" सासूबाई ओरडल्या.

"पोरगी इथंच बसन," मी म्हटलं. मुलीनं तिथंच पेपर सोडवला.

त्या रात्री मी वाढलेल्या ताटाला सासूबाईंनी हात लावला नाही. मी एकदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं नाही. ताट उचललं आणि मुलीला वाढलं.