तापणारे आरसे आणि येळवशीची वाट

चूक आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढे माझं कौतुक वाचताना तुमच्या पोटात दुखणार नाही. चाळिशीत मी नुकतीच गाडी शिकले होते आणि तोरा असा, की नांदेडचे रस्ते जणू माझ्यासाठीच बांधलेत. एका थंडीच्या सकाळी गाडीच्या दारावरचा आरसा दवाने पांढराफटक झाला होता. शहाण्या बाईने फडकं घेतलं असतं. मी गॅसवरचं चहाचं आधण उतरवलं आणि ते कडकडीत पाणी सरळ आरशावर ओतलं. कडकन् आवाज आला आणि आरशात मला माझी एक सोडून पाच तोंडं दिसली. पाचही सारखीच मठ्ठ. नवऱ्याला सांगितलं, शेजारच्या बैलाने शिंग मारलं. आमचे हे सरळ मनाचे. ते शेजाऱ्याशी बोलून आले आणि तो गरीब बैल आठ दिवस गल्लीच्या दुसऱ्या टोकाला बांधला गेला. जाता-येता माझ्याकडे असा बघायचा, की मी पदर डोक्यावरून पुढे ओढून घ्यायचे.

आता मी अडुसष्ट वर्षांची आहे. हे गेल्यापासून गाडी हेच माझं माहेर आणि हेच सासर. उमरीच्या मैत्रिणीकडे, दवाखान्यात, मनात आलं तर नुसतं गोदावरीच्या पुलापर्यंत, मी माझी जाते. पण गेल्या महिन्यात फाटकाच्या खांबाला गाडी जराशी घासली आणि माझा मुलगा श्रीकांत तेवढंच धरून बसला.

"आई, आता बास. किल्ली माझ्याकडे दे."

बरीच घासाघीस झाली. शेवटी असं ठरलं, की मी नांदेडहून लातूर आणि पुढे निलंग्याजवळच्या अक्काच्या गावाला येळवशीला गाडी घेऊन जायचं. तो बाजूला बसणार. वाटेत एकदा जरी त्याला चाक हातात घ्यावं लागलं, तर किल्ली कायमची त्याच्या खिशात. नाही लागलं, तर त्याने हा विषय पुन्हा काढायचा नाही.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. लातूर भागात त्या दिवशी घरात कोणी राहत नाही, सगळी माणसं शेतात. ज्वारीच्या पिकात कडब्याची कोप (खोपी) उभी करायची, आत पांडव मांडायचे, पूजा करायची आणि जो वाटेने जाईल त्याला बोलावून जेवू घालायचं. माझी थोरली बहीण अक्का दर वर्षी बोलावते आणि दर वर्षी माझं राहून जातं.

निघण्याआधी मी एक काम गुपचूप केलं होतं. गाडीची माहितीपुस्तिका वाचली. श्रीकांतने गाडी घेतल्यापासून ती उघडलीही नव्हती, तिच्यावरची प्लास्टिकची पिशवी मीच फाडली. दुपारी सगळे आडवे झाले, की मी भिंग घेऊन बसायचे. समोरच्या फळीवर एक बटण आहे, त्यावर चौकोन आणि तीन नागमोडी रेघा. घरात सगळ्यांचा समज, की ते फक्त मागच्या काचेसाठी. पुस्तिकेत लिहिलं होतं, की त्याच बटणाने दारावरचे दोन्ही आरसेही आतून तापतात आणि दव, धुकं, पाणी उडून जातं. एका सकाळी अंगणात दाबून बघितलं, तर खरंच. कोणाला बोलले नाही. गुपित सांगून टाकलं की त्याची चव जाते.

येळवशीच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही नांदेड सोडलं. लोह्यापर्यंत श्रीकांत हाताची घडी घालून, परीक्षेच्या पर्यवेक्षकासारखा बसला होता. मी ओव्हरटेक केलं की खाली त्याचा पाय दाबला जायचा, जणू ब्रेक तिकडेही आहे. दोन्ही बाजूंना तुरी वाळत आलेल्या, हरभरा गुडघ्याच्या खाली, मधूनच करडईचा काटेरी पट्टा.

अहमदपूरच्या अलीकडे मागचं चाक बसलं.

"बघ," श्रीकांत म्हणाला.

"काय बघ? खिळा काय वय विचारून शिरतो?"

पंक्चरच्या दुकानातले चाचा पांढऱ्या दाढीचे, डोक्याला लोकरी टोपी. खिळा काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला.

"मांजी, गाडी तुमीच चालवून राहिले का?"

"हाव. ह्यो माझा ल्योक, ह्यो नुसता बसून राहिला."

श्रीकांत केळी आणायला म्हणून तरातरा निघून गेला. चाक लागेपर्यंत तो आला नाही. मग मी गाडी चालू केली, बटण दाबलं आणि जरा वेळाने म्हटलं, "चाचा, आरशाला हात लावा."

त्यांनी बोट टेकवलं, मग अख्खा पंजा. "अरे! ये तो गरम हाय की! तीस वर्सं गाड्यांची कामं करून राहिलो मी, आरसा तापतो हे आज समजलं." त्यांनी दुसरा हातही शेकून घेतला.

"हे माझ्या पोराला सांगायचं न्हाई."

"नै सांगत. माँ-बेटे के बीच में मैं कायकू बोलूं?"

श्रीकांत परत आला तेव्हा चाचा त्याच्याकडे बघून इतके गोड हसले, की त्याने मला विचारलं, "काय सांगितलंस त्यांना?" मी केळं सोललं.

लातूरला मुक्काम माझ्या मुलीकडे, माधवीकडे. तिच्या स्वयंपाकघरात आंबिलीचा (ज्वारीचं पीठ घालून आंबवलेल्या ताकाचा) माठ सकाळपासून तयार होता. लसूण-जिऱ्याचा वास जिन्यातच लागला. पहाटे उठून तिने भज्जी रटरटवली: वाल, तूर, वाटाणे, शेंगदाणे, मिळेल तो हिरवा पाला आणि बेसन. सोबत बाजरीचे उंडे, म्हणजे वाफवलेले गोळे. तिला स्वतःला सासरच्या शेतात जायचं होतं, म्हणून सगळं आमच्या गाडीत भरलं. मागच्या सीटवर चुंबळ करून आंबिलीचा माठ, शेजारी भज्जीचं पातेलं, उंड्यांची पाटी आणि वर अक्कासाठी दोन जाड गोधड्या. मधल्या आरशात बघितलं तर मला फक्त गोधडीवरची जांभळी फुलं दिसत होती.

"आई, मागचं काही दिसत नाही," श्रीकांत म्हणाला.

"मागचं किती बघायचं? पुढे बघू."

साडेसहाला लातूर सोडलं. दुकानांना कुलपं, रस्त्यावर चिटपाखरू नाही, फक्त शेताकडे निघालेल्या मोटरसायकली, त्यांवर बायका आणि मांडीवर माठ. औशानंतर धुकं उतरलं. निलंग्याच्या अलीकडे आतल्या रस्त्याला वळलो तोवर गाडीच्या नाकापुढे दहा पावलंही दिसेनात. वरून गरम भज्जीच्या वाफेने काचा आतूनही घामेजल्या. मी खिडक्या उतरवल्या, दिवे लावले आणि बैलगाडीच्या चालीने निघाले.

पुढे ओढ्यावरचा एक अरुंद, आखूड पूल आहे, त्याला कठडे नाहीत. पुलाच्या तोंडाशी आलो तर धुक्यातून मोठमोठ्याने गाणी ऐकू आली.

"शेतात भोंगा लावलाय कोणी तरी," मी म्हटलं.

"हो, येळवस जोरात दिसते," श्रीकांत म्हणाला.

दोघांचंही एकमत होण्याची ती त्या प्रवासातली पहिली वेळ, आणि दोघंही चुकलो. निम्म्या पुलावर गेलो आणि समोरून दोन पिवळे दिवे निघाले. उसाचा ट्रॅक्टर, मागे गच्च भरलेल्या दोन ट्रॉल्या, आणि गाणी त्याच्याच टपावरची. त्याने करकचून ब्रेक मारले. उसाची टोकं थरथरली.

दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर मागे जात नाही, ट्रॉल्या वाकड्या होऊन ओढ्यात उतरतात. म्हणजे मागे जायचं ते आम्ही. मागची काच गोधड्यांनी झाकलेली. दोन्ही बाजूंना पुलाची कड, खाली पाच-सहा हात खोल ओढा. आणि दारावरचे दोन्ही आरसे दुधाच्या पातेल्यासारखे पांढरे.

ट्रॅक्टरवाल्याने गाणी बंद केली. "ओ दादा, त्या बाईच्या हातातून चाक घ्या की! खाली पडतान!"

श्रीकांतचा चेहरा उतरला होता. हरण्याजिंकण्याचं त्याच्या मनातही नव्हतं. तो घाबरला होता. हळूच म्हणाला, "आई, उतर. चाक दे मला."

झालं. हेच ते वाक्य. माझा हात दाराच्या कडीकडे गेला, हे लपवत नाही. आपल्याला खरंच दिसत नाही, मग हट्ट कशासाठी? पण त्यालाही कुठे दिसत होतं?

"एक मिनिट," मी म्हटलं आणि नागमोडी रेघांचं बटण दाबलं.

"ते मागच्या काचेचं आहे गं! मागच्या काचेवर गोधडी आहे!"

"एक मिनिट म्हटलं ना."

"मी उतरून मागे उभा राहतो." तो उतरला आणि चार पावलांत त्याचा चष्मा धुरकटला. मागून त्याचा आवाज येत होता, "डावीकडे घे! नाही, नाही, थांब! उजवीकडे!" मी चाकाला हातसुद्धा लावलेला नव्हता.

आरसे उजळायला लागले ते मधून. आधी रुपयाएवढा स्वच्छ ठिपका, मग वाटीएवढा, मग ताटलीएवढा. दव थेंब-थेंब होऊन खाली ओघळलं. उजव्या आरशात पुलाची कड दिसली, तिच्यावरचं वाळलेलं गवतसुद्धा. डाव्या आरशात मागे पुलाच्या टोकाशी चुना लावलेला दगड, आणि चष्मा सदऱ्याला पुसत उभा असलेला माझा लेक.

"श्रीकांता, बाजूला सरक. डावीकडच्या दगडापाशी उभा राहा."

"तुला मी दिसतो?"

"तुझ्या सदऱ्याचं तिसरं बटण उघडं आहे."

तो सरकला. मी मागचा गिअर टाकला. एक डोळा उजव्या आरशात, एक डाव्या. माणसाला असं करता येत नाही म्हणतात, पण त्या सकाळी मला आलं. चाक सरळ, क्लच अर्ध्यावर. कड आरशात एकाच जागी राहिली पाहिजे, एवढंच बघत होते. मागे आंबिलीचा माठ डुबुक डुबुक करत होता. पांढरा दगड हळूहळू पुढे सरकला, खिडकीपाशी आला, खिडकी सोडून पुढे गेला. मागची चाकं मातीवर उतरली, मग पुढची. मी गाडी बाभळीच्या कडेला घेतली आणि हँडब्रेक ओढला.

ट्रॅक्टर बाजूने जाताना ड्रायव्हर थांबला. मघाशी ओरडणारा तो हाच का, असं वाटावं इतका मऊ झाला होता. "मावशी, लई भारी! मला वाटलं आज येळवस ओढ्यातच व्हतीय. एवढा ऊस टाकून मला बी शेताकडं जायचंय."

श्रीकांत आत येऊन बसला. आरशाकडे बघितलं, बटणाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"तुला माहीत होतं."

"पुस्तिकेत लिहिलंय. पानाचा कोपरा दुमडून ठेवलाय."

नऊच्या सुमारास ऊन पडलं आणि धुकं असं गेलं, जसं कधी नव्हतंच. अक्का बांधावर काठी टेकून उभी होती. एकोणऐंशी वर्षांची, पण आवाज खणखणीत.

"आलीस व्हय गं? गाडी कुणी आणली?"

"मीच."

तिने श्रीकांतला खालीवर न्याहाळलं. "मग तू काय रं, आंबील धरून बसला व्हतास का?"

कोपीत चुना लावलेले पाच दगड, त्यांच्यापुढे नैवेद्य. मग आंबील शिंपडत शेताला फेरा घालायचा आणि म्हणायचं, "ओलगे ओलगे सालम पोलगे." हे शब्द कानडी मुलखातून आलेत म्हणतात, अर्थ विचारला की अक्का म्हणते, "जमिनीला समजतंय, तुला कशाला?" आणलेल्या माठातल्या आंबिलीचा एक थेंबही सांडला नव्हता, हे मी तिथल्या सगळ्यांना सांगितलं, काहींना दोनदा. श्रीकांतने भज्जी तीनदा वाढून घेतली आणि माझ्याकडे न बघता खाल्ली.

दुसऱ्या दिवशी परतलो. निलंग्यापासून नांदेडपर्यंत लख्ख ऊन, बटणाचं काही काम नव्हतं. लातूर सोडताच श्रीकांतने सीट मागे पाडली आणि झोपला. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं, मी दोन ट्रक ओलांडले, त्याचा पाय एकदाही हलला नाही. तोंड उघडं टाकून घोरत होता. लहानपणी माझ्या मांडीवर असाच झोपायचा. मला वाटलं, कबुली तोंडाने द्यायलाच हवी असं नाही; बाजूच्या सीटवर इतकं गाढ झोपणं ही कबुलीच असते. गोदावरी ओलांडताना मी मुद्दाम गाडी हळू केली, त्याची झोप मोडू नये म्हणून.

किल्लीचा विषय आठ दिवस कोणी काढला नाही. नवव्या दिवशी संध्याकाळी मी शेंगा सोलत होते, तेव्हा श्रीकांत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला, उगाच कॅलेंडरचं पान सरळ केलं आणि म्हणाला, "आई, उद्या पहाटे मला बिलोलीला जायचंय, धुकं लई असणार. तू घेतीस का गाडी? मी बाजूला बसतो."