काळ्या मोटारीतला आवाज

कंपनी मिस्त्री गाणं तळहातानं ऐकायचे. मोटारीतला रेडिओ लावायचे, दार बंद करायचे आणि बाहेरून दाराच्या पत्र्यावर उजवा हात पसरून उभे राहायचे. डोळे मिटलेले, मान जराशी कललेली. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, हा माणूस गाडीला ताप आलाय का बघतोय. बऱ्याच वेळानं हात काढून ते म्हणायचे, "ढोलकी येते, पण गळा अडकलाय." मग पुन्हा सीटखाली शिरायचे.

तरुणपणी ते इथंच भिवंडीत लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायचे. त्या खडखडाटात एक कान पार गेला आणि दुसरा अर्धा राहिला. याचं आमच्याकडे कुणाला नवल नव्हतं. लूमवाल्यांच्या घरात साधी भाजी मागायची तरी ओरडून मागतात, पाहुण्याला वाटतं भांडण पेटलंय. माझे वडील, आबा, मूळचे जवळच्याच पूर्ण्याचे शेतकरी. भिवंडीत त्यांची लूमची शेड होती आणि दिवसभर शेडमध्ये बसून त्यांचेही कान मिस्त्रींसारखेच झाले होते. म्हणूनच त्या काळी आमच्या गावात मिस्त्रींचा धंदा चालला. ज्यांच्याकडे मोटारी होत्या त्यांना कमी ऐकू यायचं, आणि कंपनीनं मोटारीत बसवून दिलेल्या रेडिओचा स्पीकर बशीएवढा असायचा.

तो रेडिओ मात्र कुणाला काढायचा नसे. कंपनीचा रेडिओ काढला की गाडी बाटली, असं मोटारवाले समजत. शिवाय रेडिओला पोस्टाचं लायसन लागे, नवा सेट आणला की तिथं पुन्हा खेटे. मिस्त्रींनी यावर आपली रीत काढली होती. रेडिओ जागचा हलवायचा नाही, कंपनीची एकही वायर कापायची नाही. जुन्या स्पीकरच्या मागून दोन तारा जोडून घ्यायच्या, त्या सीटखालच्या डब्यात न्यायच्या. तो डबा म्हणजे त्यांनी घरी बनवलेला ॲम्प्लिफायर. तिथून मागच्या काचेखालच्या फळीत बसवलेल्या दोन मोठ्या स्पीकरांना. डब्याला लागणारी वीज थेट बॅटरीवरून, डॅशबोर्डच्या खालून ओढलेल्या वेगळ्या वायरीनं. समोरून पाहणाऱ्याला काही बदललेलं दिसत नसे.

"कंपनीचं हाय, त्याला हात लावायचा न्हाय," हे वाक्य ते इतक्यांदा म्हणायचे की त्यांचं नावच कंपनी मिस्त्री पडलं. जन्मात त्यांनी कुठल्या कंपनीत नोकरी केली नव्हती. एकदा आबांनी विचारलं, "अरे, मग तू बदलतोस तरी काय?" मिस्त्री म्हणाले, "शेठ, सभेत बोलणारा बोलतो, मागं ऐकू जात न्हाय. मधी एक माणूस उभा राहून तेच मोठ्यानं सांगतो. मी तो मधला माणूस. माझं सोताचं काय बी बोलायचं न्हाय."

ते फार गोड माणूस होते असं मात्र मी म्हणणार नाही. तिरसट होते. गिऱ्हाईक आवडलं नाही तर समोर ट्रान्झिस्टर पडलेले असताना "माल न्हाय" म्हणून परत पाठवायचे. घाई केली तर उघडलेली गाडी तशीच ठेवून घरी जेवायला जायचे. आमच्या शेजारच्या शेडचे खानसाहेब त्यांची थट्टा करायचे. "मिस्त्री, आवाज इतना चाहिए की लूम का कारीगर काम छोड़ के नाचने लगे." मिस्त्री मान वर न करता उत्तर द्यायचे, "कारीगर नाचेगा तो साहब, आप रोएगा. रहने दो."

त्यांचा हट्ट एकाच गोष्टीचा होता, फ्यूजचा. बॅटरीकडून येणाऱ्या वायरीत ते काचेचा बारका फ्यूज बसवायचे आणि गाडी ताब्यात देताना प्रत्येकाला तेच सांगायचे. आमची काळी मोटार द्यायला आले तेव्हा मला समोर उभं करून सांगितलं, कारण मोटार मी चालवायचो.

"गाणं थांबलं तर थांबू दे. फ्यूज उडाला म्हंजे आत कायतरी दुखतंय. मोटार माझ्याकडं आण. चांदी गुंडाळायची न्हाय. ऐकलंस?"

चांदी म्हणजे सिगरेटच्या पाकिटातला चंदेरी कागद. उडालेल्या फ्यूजवर तो गुंडाळला की दिवे पुन्हा लागतात, हे रस्त्यावरच्या प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक होतं. सगळे तसंच करायचे. मी हो म्हणालो.

माझ्या मामेभावाचा साखरपुडा खारबावला ठरला होता. मंडळी सकाळीच पुढं गेली. आहेरासाठी आबांनी कापडाचे तागे दिले होते, ते घेऊन मी मागाहून निघालो. डिकीत जागा नव्हती म्हणून तागे मागच्या सीटपुढं खाली कोंबले, पायानं दाबून बसवले. तिथूनच डब्याकडं वायर जात होती. ती सीटच्या लोखंडी पट्टीखाली चिरडली गेली असणार. गावाबाहेर पडल्यावर खड्ड्यात गाडी आदळली आणि मागचे स्पीकर बंद झाले. पुढचा कंपनीचा छोटा स्पीकर चालूच होता, बारीक आवाजात. तेवढ्यावर भागलं असतं. पण खारबावच्या लोकांसमोरून मला मोटार गाजवत न्यायची होती. मी रस्त्याकडेला थांबलो, डॅशबोर्डखाली पाहिलं तर फ्यूज उडालेला. खिशातलं सिगरेटचं पाकीट काढलं, चांदी फाडून फ्यूजवर गुंडाळली. आवाज आला. मला माझंच कौतुक वाटलं.

खारबावच्या अलीकडे डॅशबोर्डखालून धूर निघाला. फ्यूज उडत नव्हता, म्हणून वायरच तापत गेली होती. मी उडी मारली. शेतातली माणसं धावत आली, त्यांनी माती टाकून आग विझवली, एकानं बॅटरीची तार उपटली. मला काही झालं नाही. डॅशबोर्डची एक बाजू जळाली होती, आणि तिच्याबरोबर कंपनीचा रेडिओ.

मोटार ओढून शेडमागे आणली. आबांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "चालता चालता धूर आला." यात खोटं काही नव्हतं. आबा म्हणाले, "मिस्त्रीच्या वायरीनं घात केला." मी गप्प बसलो. चांदीचं सांगायचं तर सिगरेटचं सांगावं लागणार होतं. मी त्या वेळी लग्नाचा झालेला बाप्या होतो, पण आबांसमोर सिगरेटचा वासही येऊ द्यायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती. कारण एवढंच होतं. मोठं कारण शोधायचा मी पुष्कळ वर्षं प्रयत्न केला, सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री मोटार पाहायला आले. डॅशबोर्डखाली आडवे झाले, बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा हातात काळा पडलेला फ्यूज होता, त्याच्या टोकाला चंदेरी कपटा चिकटलेला. आसपास कुणी नव्हतं.

"कदीपासून वढतोस?"

"काय?"

"सिगरेट. शेठना ठावं न्हाय ना?"

मी मान हलवली. त्यांनी तो कपटा नखानं खरवडला, बोटांत चुरगाळला.

"मी सांगितलं तर म्हणतील, सोताचं झाकायला पोराचं नाव घेतोय. तू सांग."

"सांगतो, मिस्त्री."

"सांग म्हंजे झालं. मोटार मी करून देतो."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. रस्त्यात भेटले की हनुवटी वर करून विचारायचे, "सांगितलंस?" मी म्हणायचो, "आज सांगतो." एकदा सणाचं कारण दिलं, एकदा आबांना ताप होता. पुढं पुढं त्यांनी विचारणं सोडलं. मी दिसलो की हातातल्या कामाकडं बघायचे.

आबा दुष्ट नव्हते. त्यांना जे खरं वाटलं ते त्यांनी चहाच्या टपरीवर सांगितलं, मिस्त्रींची कीव करत, हळू आवाजात. पण आबांचा हळू आवाज रस्त्याच्या पलीकडं ऐकू जायचा. "माणूस चांगला होता रे. हात गेला त्याचा." लूमवाल्यांच्या गावात ही बातमी पसरायला किती वेळ लागणार? कुणी भांडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. एकेक जण मोटार घेऊन यायचा आणि म्हणायचा, "मिस्त्री, तेवढा डबा काढून ठेवा. बायको घाबरते." मिस्त्री डबा काढायचे, फळीतले स्पीकर उतरवायचे. कंपनीचं काही कापलेलंच नव्हतं, त्यामुळे दोन तारा सोडल्या की मोटार होती तशी व्हायची. दुसऱ्या कुणी काम केलं असतं तर त्याची खूण तरी राहिली असती. मिस्त्रींची रीतच अशी होती की त्यांना पुसून टाकणं फार सोपं गेलं.

दुकान बंद करून ते पुन्हा लूमवर लागले. एका सकाळी शिफ्ट सुटताना मला दिसले, अंगावर सुताचा भुगा. मी म्हणालो, "मिस्त्री, मी सांगणारच होतो." त्यांनी उरलेला कान पुढं केला. मी पुन्हा म्हणालो. त्यांना ऐकू आलं की नाही, मला कळलं नाही. "बरं हाय ना घरी?" असं विचारून ते गेले. ते जवळच्याच दापोडे गावचे. पुढं तिथंच वारले, मला मागाहून कळलं. आबाही गेले. सांगायचं राहिलं, आणि सिगरेट मी त्याआधीच सोडली होती.

मधल्या काळात मी संसार केला, शेड चालवली, विकली. हे मनात रोज टोचत होतं असं म्हणणं खोटेपणाचं होईल. मी ते विसरायला शिकलो होतो. गेल्या वर्षी नातवानं नव्या गाडीत मोठे स्पीकर बसवून घेतले. बसवणारा पोरगा त्याला म्हणाला, "कंपनीच्या सिस्टमला हात लावायचा नाही, बाहेरून जोडतो." मी मागच्या सीटवर बसलो होतो. नातवानं विचारलं, "आजोबा, आवाज बरा आहे का?" मी त्याला म्हटलं, गाडी दापोड्याला घे.

दापोड्याला आता गोदामांच्या रांगा आहेत, घर सापडायला वेळ लागला. मिस्त्रींचा मुलगा एका गोदामात सुपरवायझर आहे. त्यानं खुर्ची दिली. मी कोण ते कळल्यावर तो जरा अवघडला. म्हणाला, "आबाशेठची मोटार बाबांच्या हातून जळाली, ते आम्हाला माहीत आहे. लहानपणी फार ऐकलंय. तुम्ही कशाला मनात ठेवता?"

तो माझी समजूत घालत होता. मी त्याला सगळं सांगितलं. आतल्या पलंगावर त्याची आई बसली होती, तिनंही ऐकलं. मग काकू म्हणाल्या, "ते सांगत व्हते मला. चांदी गुंडाळली व्हती म्हणाले. पोरगा सांगंल म्हणाले."

"आई, तू कधी बोलली नाहीस," मुलगा म्हणाला.

"काय बोलू? माझा इस्वास बसला न्हाय. मी म्हटलं, एवढा मोठा शेठ खोटं कशाला बोलंल? हात थरथरतो तुमचा, कबूल करा न् मोकळे व्हा. मग त्यांनी ती गोष्टच काढली न्हाय कदी."

मी हात जोडले. काकूंनी तिकडं पाहिलं नाही. "तुमी लवकर आला असता तर माझं चुकलं असं मी त्यांना बोलले असते," एवढंच म्हणाल्या. त्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं. खरं सांगून मोकळं व्हायला मी आलो होतो, आणि माझं ओझं त्या बाईच्या मांडीवर ठेवून बसलो होतो.

उठायला लागलो तशा त्या म्हणाल्या, "बसा." खिडकीकडं वळून त्यांनी शेजारच्या घरात हाक मारली, "सुमन, ए सुमन. तुझ्या सासूला घेऊन ये. न् वरच्या आळीतल्या म्हाताऱ्याला बी बोलव, त्यानं बी बोल लावला व्हता त्यांना."

माणसं आली. ओटीवर बसली, मुलगा दाराशी उभा राहिला. मी म्हणालो, "कंपनी मिस्त्रींनी..."

"तसं न्हाय," काकू म्हणाल्या. "नाव घेऊन सांगा."

मला त्यांचं नाव माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत त्याची गरज पडली नव्हती. मी मुलाकडं पाहिलं. पण काकूंनीच डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सगळ्यांदेखत, बापाच्या नावासकट, आपल्या नवऱ्याचं नाव घेतलं.

"चांगो नामा भोईर. हां. आता सांगा."