भगवंत तांबटाला ऐकू येत नव्हतं

देवासच्या तांबटआळीत भगवंतचं घर होतं. त्याचे पूर्वज पवार राजांच्या लवाजम्याबरोबर माळव्यात आले आणि हंडे-घागरी ठोकत इथलेच झाले. ठोकून ठोकून भगवंतचे कान चाळिशीतच गेले. तेव्हापासून रस्त्यानं चालताना त्याची बायको यमुनाबाई त्याच्या उपरण्याचं टोक धरून असे. मागून गाडी आली की ती टोक ओढी, आणि तो मुकाट्यानं कडेला होई.

त्या वर्षी, म्हणजे १९०८ च्या सुमारास, सोनकच्छच्या रस्त्यावर दत्तोपंतांच्या बग्गीची दहशत होती. पंत दरबारातले बडे अंमलदार. बग्गी पाहिली की बैलगाड्या शेतात उतरत, बायका पोरांना ओढून घेत. लगाम खेचलेला पंतांना खपत नसे. "लोक होतात बाजूला," ते म्हणत.

बाजाराहून परतताना यमुनाबाईच्या पायात काटा मोडला. ती बांधावर टेकली. भगवंत आपल्याच नादात पुढं गेला. मागून बग्गी आली. कोचवान ओरडला, "हटो भिया, हटो!" यमुनाबाई किंचाळत उठली, लंगडत धावली. तिची किंकाळी गावकुसापर्यंत गेली असेल. ज्याच्यासाठी होती, त्याच्यापर्यंत तेवढी गेली नाही.

बग्गी थांबली नाही.

भगवंतचं तेरावं झाल्यावर यमुनाबाई पंतांच्या दारी गेली. पंत ओटीवर पान लावत होते.

"आवाज दिला होता बाई. त्यानं सरायला नको?"

"त्यांना ऐकू येत नव्हतं, सरकार."

"ते आम्हांला कसं कळावं?"

"घोडे हळू असते तर कळलं असतं."

पंतांनी पान तबकात ठेवलं. मग ते उठून आत गेले.

फाटकाशी कोचवान शालिग्राम उभा होता. त्यानं पागोटं काढून हातात घेतलं. "मावशी, तुमच्या घरधन्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. मला वाटलं, मुद्दाम अडवतोय. राग आला. मी अजून एक चाबूक ओढला."

"जन्मात कुणाची वाट अडवली नाही रे त्यांनी," यमुनाबाई म्हणाली, आणि तिथंच धुळीत बसून पहिल्यांदा रडली.

शालिग्राम नोकरी सोडून बदनावरला गेला. पंतांनी दुसरा कोचवान ठेवला. बग्गी पूर्वीसारखीच धावू लागली, लोक पूर्वीसारखेच शेतात उतरू लागले. चाकं वाजली की यमुनाबाई ताटावरून उठे. शेवटी भाऊ येऊन तिला जंगलाकडं, उदयनगरला घेऊन गेला. तिथं बग्गी नव्हती, रस्ताही धड नव्हता. पण तिथं भावाखेरीज तिच्या नवऱ्याला पाहिलेलं माणूसही नव्हतं. चालीरीतीप्रमाणं ती त्याचं नाव घेत नसे, भाऊ ‘दाजी’ म्हणे, आणि दुसरं कोण घेणार? भगवंत हे नाव पुन्हा तिच्या कानांवर आलं नाही.