यात खिळा कुठे आहे?

मिस्तर मैदानावर शिट्टी घेऊन कधी आले नाहीत. ते निळी प्लास्टिकची बादली घेऊन येत. सरावाआधी संघातल्या मुली हातभर अंतर सोडून एका रांगेत उभ्या राहत आणि या गोलपासून त्या गोलपर्यंत मान खाली घालून चालत. काचा, तारा, खिळे, मंडपाच्या खुंट्यांचे तुकडे बादलीत पडत; मिस्तरांच्या लेखी ते सगळे खिळेच. बादली वाजायची थांबेपर्यंत बॉल पिशवीतून बाहेर निघत नसे.

कोपरखैरण्याचं ते मैदान कागदावर खेळाचं होतं. प्रत्यक्षात तिथे लग्नं, हळदी, प्रदर्शनं आणि सत्कार होत. उरलेल्या दिवशी फुटबॉल. एका वडिलांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "आमी फी काय कचरा वेचायला भरतो?" मिस्तर म्हणाले, "घरी तांदूळ निवडता ना? इथे जमीन निवडायची." निवडणं त्यांनी घरमालकिणीकडे पाहिलं होतं. वडिलांना ते पटलं मात्र नाही.

'मिस्तर' हे त्यांचं नाव नव्हे. इटलीत खेळाडू प्रशिक्षकाला तसंच म्हणतात. मुलींनी त्याला 'सर' जोडलं. तिकडे ते खालच्या श्रेणीच्या संघांत मधल्या फळीत खेळले. काम एकच: बॉल हिसकावायचा आणि जवळच्या सहकाऱ्याला द्यायचा. "माझे गोल बोटांवर मोजता येतात," ते सांगत, "पास कोणी मोजलेच नाहीत." गुडघ्याने त्यांचा खेळ संपवला. मग ते प्रशिक्षक झाले आणि एकामागून एका क्लबाने त्यांना काढलं. हे सगळं ते हवामान सांगावं तसं सांगत. शेवटी इथल्या एका खासगी अकादमीने बोलावलं. मी तेव्हा एका दैनिकाचा स्थानिक बातमीदार होतो.

त्यांचं इंग्रजी तुटकं, हिंदी त्याहून तुटकी; इथली त्यांची वाक्यं मी मराठीत आणली आहेत. मराठी शब्द एकच पक्का होता: परत. पास चुकला, परत. बरोबर गेला, तरी परत. हा शब्द सगळ्यांत जास्त ऐकला तो सायमाने. नावडे गावची ही मुलगी संघाची कर्णधार होती, मिस्तरांच्याच जागी खेळायची, आणि महिनाभरात तिची राज्य संघाची निवड चाचणी होती.

अकादमीने भरवलेल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी त्याच मैदानावर एका पुढाऱ्याचा सत्कार ठेवला गेला. मैदान दोन दिवस मोकळं हवं, असं पत्र मिस्तरांनी अकादमीला आधीच दिलं होतं. पोच मी पाहिली आहे. सामन्याच्या सकाळी मंडप उतरला होता. उपटायला वेळ नव्हता म्हणून लोखंडी खुंट्या जमिनीलगत कापल्या होत्या. अर्धं मैदान निवडून होईपर्यंत प्रमुख पाहुणे आले.

"मिस्तर, गेस्ट बसलेत. चालू करा," अकादमीचे सेक्रेटरी म्हणाले.

"अर्धं राहिलंय."

"टेन्शन नका घेऊ हो. काही होत नाही."

"गुडघा तुमचा नाही."

ते उरलेल्या अर्ध्या भागात बादली घेऊन वाकलेलेच राहिले. दोन सुरक्षारक्षकांनी त्यांना दंडाला धरून गेटबाहेर नेलं. सामना सुरू झाला. मध्यंतराच्या आत सायमा बॉलसाठी घसरली आणि उठली नाही. खुंटीने गुडघा फाडला होता.

प्रशिक्षक संघ सोडून निघून गेले, असं अकादमीने संध्याकाळी कळवलं. मी डोळ्यांनी पाहिलेलं लिहिलं: पत्र, पोच, खुंट्या, सुरक्षारक्षक. छापून आलं ते असं: 'प्रशिक्षकाच्या गैरहजेरीत खेळाडू जखमी'. खाली माझं नाव. "जागा नव्हती," डेस्कवरून सांगितलं गेलं. त्याच पानावर सत्काराच्या जाहिरातीला अर्धं पान जागा होती. मी भांडलो नाही. नोकरी टिकली.

मिस्तर अंक घेऊन कार्यालयात आले. "वाच," म्हणाले. मी प्रत्येक वाक्य इंग्रजीत सांगितलं. त्यांनी विचारलं, "यात खिळा कुठे आहे?"

"नाही."

"परत."

मी परत वाचलं. त्यांनी अंकाची घडी घातली, खिशात ठेवली आणि गेले. पंधरवड्यात अकादमीने त्यांना परत पाठवलं. त्यांना काढणाऱ्या क्लबांच्या यादीत एकाची भर पडली. सायमाची चाचणी हुकली ती कायमची. खुंट्या कापणाऱ्याला, मैदान देणाऱ्याला, सामना सुरू करणाऱ्याला कोणी काही विचारलं नाही. सेक्रेटरी आजही सेक्रेटरी आहेत.

गेल्या आठवड्यात मी त्या मैदानावर गेलो. सायमा आता तिथे मुलींना शिकवते. चालताना डावा पाय ओढते. मुली रांगेत होत्या. निळी बादली होती. मी कडेला उभा राहून वही उघडली.

"वही ठेवा, सर," ती म्हणाली. "लिहिलंय तुमी आधी. रांगेत या."

दहा पावलांवर मला खुंटी सापडली, जमिनीलगत कापलेली. हाताने हलेना. मी मान वर केली आणि पुढे निघालो.

"परत," सायमा म्हणाली.